थेंबातील नाविक

मुलांनो, पावसाळ्यात साचलेल्या डबक्यातील पाण्याचा एक थेंब नुसत्या डोळ्यांना किती निश्चल दिसतो! परंतु तोच सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवा, म्हणजे त्यात केवढी लगबग चाललेली आढळेल! हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने १६७४ साली स्वतः घासलेल्या भिंगातून तळ्याचे पाणी पाहिले आणि तो थक्क झाला. पूर्वी कोणीही न पाहिलेले जीव त्यात संचार करीत होते.

या जीवांना हात नाहीत, पाय नाहीत. मग ते हिंडतात कसे?

अमीबा आपल्या शरीराचाच एक भाग बोटासारखा पुढे काढतो. आतील द्रव त्यात वाहत जातो आणि मागील भाग ओढला जातो. अशा तात्पुरत्या पायांना छद्मपाद म्हणतात. युग्लीनाच्या पुढच्या टोकाशी चाबकासारखा एक लांब तंतू असतो. तो हालवीत ती प्रकाशाच्या दिशेने पोहत जाते.

पॅरामीशियमचे कौशल्य याहून मोठे. त्याची लांबी सुमारे पाव मिलिमीटर. पण अंगावर हजारो सूक्ष्म केस असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. वाऱ्याने भातशेतीवर लाट उठावी, तसे ते ओळीने हालतात आणि तो गिरक्या घेत पुढे जातो. वाटेत अडथळा आला, तर मागे सरून दिशा बदलतो.

नावाड्याने वल्ही थांबविली, तरी नाव काही अंतर आपोआप जाते. पॅरामीशियमचे तसे नाही. केस थांबले, की तो तत्काळ थांबतो. कारण एवढ्या इवल्या जीवाला पाणी काकवीसारखे दाट भासते. तेथे वल्हे जसे मागे ओढले तसेच पुढे आणले, तर नाव पुन्हा मूळ जागीच येईल! म्हणून प्रत्येक केस पाणी लोटताना ताठ असतो. परतताना मात्र वाकून, शरीराला लगटून येतो.

असेच केस आपल्या श्वासनलिकेतही आहेत. श्वासाबरोबर आत आलेली धूळ ते कफासह घशाकडे लोटतात. तुम्ही हा पाठ वाचीत आहात, तेव्हाही त्यांचे वल्हविणे चालूच आहे. डबक्यातील ज्या जीवाला आपण क्षुद्र म्हणतो, त्याचीच विद्या आपल्या प्रत्येक श्वासाची राखण करीत आहे.

स्वाध्याय

१. पॅरामीशियमच्या केसांची जाण्याची व परतण्याची रीत निराळी का असते?
२. अमीबा व युग्लीना यांच्या हालचालींतील फरक सांगा.
३. वाक्यांत उपयोग करा : थक्क होणे, राखण करणे.