तंत्रांचा संगम

सातारा जिल्ह्यात कऱ्हाड येथे कृष्णा व कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात. या स्थळाला प्रीतिसंगम असे म्हणतात. दोघींचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरांत होतो. परंतु पुढे त्यांची पात्रे निराळी, खोरी निराळी आणि नावेही निराळी. संगमाच्या खाली मात्र एकच प्रवाह वाहतो व त्याला कृष्णा हे एकच नाव उरते. कोयनेचे पाणी नाहीसे होत नाही, तिचे नाव तेवढे लोपते. गेल्या पन्नास वर्षांत मानवाच्या यंत्रविद्येत असाच एक मोठा संगम घडून आला आहे. तार, दूरध्वनी, छायाचित्रण, नभोवाणी, मुद्रण आणि पैशाची देवघेव हे एकेकाळचे स्वतंत्र प्रवाह आज तळहातावर मावणाऱ्या मोबाईलमध्ये येऊन मिळाले आहेत. त्यांतील काहींची नावेही आता पुसट होऊ लागली आहेत. १८५४ साली भारतातील जनतेसाठी खुली झालेली तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली, तेव्हा शहरांतील तारघरांपुढे शेवटची तार करण्यासाठी लोकांची गर्दी लोटली होती. त्यांतील कित्येकांची ती पहिलीच तार होती!

हे प्रवाह पूर्वी एकमेकांपासून किती दूर होते, हे आजच्या मुलांच्या सहज ध्यानी येणार नाही. छायाचित्र काढावयाचे म्हणजे चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली फिल्म हवी, अंधारी खोली हवी आणि रसायनांची तबके हवीत. गाणे ऐकावयाचे तर तबकडीवरील सूक्ष्म खाचांतून सुई फिरली पाहिजे. पुस्तक छापावयाचे तर शिशाचे खिळे जुळविणारा जुळारी हवा, आणि तार पाठवावयाची तर 'कड्ड कट्ट' असा नाद ओळखणारा तारमास्तर हवा. प्रत्येकाचे द्रव्य वेगळे, हत्यार वेगळे आणि कारागीरही वेगळा. छायाचित्रकाराच्या रसायनांचा तारमास्तरास काडीचाही उपयोग नव्हता.

हा भेद मिटविला तो एखाद्या यंत्राने नव्हे, तर एका कल्पनेने. संदेश कोणताही असो, तो 'होय' आणि 'नाही' अशा दोनच खुणांच्या मालिकेत मांडता येतो व त्या मालिकेची लांबी मोजता येते, असे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली आपल्या निबंधात दाखवून दिले. आवाजाचेच उदाहरण घ्यावे. आवाज म्हणजे हवेचा कंप. त्या कंपाची उंची सेकंदात हजारो वेळा मोजून ते आकडे लिहून ठेवले, की आवाज आकड्यांत उतरला. चित्राचे बारीक बारीक चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची उजळता आकड्याने लिहिली, की चित्रही आकड्यांत उतरले. आणि कोणताही आकडा केवळ ० आणि १ या दोन चिन्हांनी लिहिता येतो. मग आपण वाहून नेत आहोत ते गाणे आहे, चित्र आहे की एखाद्याच्या खात्यातील रक्कम आहे, याच्याशी यंत्राला कर्तव्य उरत नाही. शॅनन ज्या बेल प्रयोगशाळेत काम करीत असे, त्याच प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टरचा जन्म झाला होता. १९७१ साली इंटेल कंपनीने एका चकतीवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर बसविले, तेव्हा जगास नवल वाटले. आज उत्तम मोबाईलच्या नखाएवढ्या चकतीवर ते एक हजार कोटींहून अधिक असतात.

मराठी भाषेला या संगमात स्थान मिळण्यास काही काळ जावा लागला. संगणकावर मराठी अक्षरे उमटू लागली होती खरी, परंतु प्रत्येक कंपनीच्या अक्षरसंचात 'क' या अक्षराचा क्रमांक निराळा होता. त्यामुळे पुण्याच्या छापखान्यात जुळविलेला मजकूर नागपूरच्या संगणकावर उघडला, तर तेथे 'क' च्या जागी भलतेच चिन्ह दिसे आणि सारा मजकूर म्हणजे निव्वळ गिचमीड होऊन जाई. १९९१ साली युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली व तीत देवनागरीचाही समावेश झाला. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक, असा हा संकेत आहे. त्यात 'क' चा क्रमांक २,३२५ आहे. तो कऱ्हाडात तोच, आणि लंडनमध्येही तोच. एक क्रमांक ठरविणे हे काम दिसावयास क्षुल्लक. परंतु ते झाले नसते, तर मोबाईलवर मराठीतून पत्र लिहिणे किंवा मराठी मजकूर शोधणे इतके सुलभ झाले नसते.

या संगमाचा पूर व्यापाराला कसा येऊन भिडला, हे कोडॅक या अमेरिकन कंपनीच्या इतिहासावरून दिसून येते. फिल्म विकून ही कंपनी गबर झाली होती. तिच्याच पदरी असलेल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली फिल्मवाचून चित्र घेणारा कॅमेरा तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोग्रॅमहून अधिक होते आणि एक काळेपांढरे चित्र फितीवर साठविण्यास त्याला २३ सेकंद लागत. कंपनीला हा शोध गैरसोयीचा वाटला, कारण फिल्मवाचून चित्र निघू लागले, तर फिल्म कोण घेणार? तिने पुढे असे कॅमेरे काढलेही, परंतु तिचा जीव फिल्मच्या नफ्यातच गुंतलेला राहिला. २०१२ च्या जानेवारीत तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. कंपनीची हानी झाली ती झाली. परंतु तिच्या कारखान्यांतील हजारो कामगारांचा यात काय अपराध होता?

याउलट, मोटारीच्या कारखान्यासाठी निघालेली एक खूण भाजीबाजारापर्यंत येऊन पोहोचली, ही गोष्ट अधिक मनोरंजक आहे. १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन योजला. तोच क्यूआर कोड. 'गो' नावाच्या जपानी पटावरील काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकटी असतात. त्यांवरून यंत्राला कोड कोठे आहे व तो सरळ आहे की वाकडा, हे समजते. कोडचा काही भाग फाटला किंवा मळला, तरी गणिताच्या योगे उरलेल्या ठिपक्यांवरून हरवलेला मजकूर पुन्हा काढता येतो. ही गणिती युक्ती १९६० सालची आहे. कंपनीने आपला हक्क न गाजविता ही खूण सर्वांना खुली ठेवली.

भारतात २०१६ साली राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय ही पद्धत सुरू केली आणि या चौकोनाला नवेच काम मिळाले. भाजीवाल्या मावशींच्या टोपलीपाशी कोड लावलेला असतो. गिऱ्हाईक मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरते, आपला गुप्तांक टाकते. गिऱ्हाइकाच्या बँकेतून रक्कम वजा होऊन मावशींच्या बँकेत जमा होते आणि शेजारची लहानशी पेटी 'वीस रुपये मिळाले' असे बोलून सांगते. कॅमेरा, दूरध्वनी, बँक आणि ध्वनिक्षेपक ही चारही यंत्रे वीस रुपयांच्या मेथीसाठी एकत्र आली! मावशींना सुट्या पैशांची चणचण उरली नाही. मात्र याच वाटेने चोरही आले. 'तुम्हांला पैसे पाठवितो, गुप्तांक टाका' असे सांगून भोळ्या माणसांना फसविण्यात येते. पैसे घेण्यासाठी गुप्तांक कधीच टाकावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठी असतो, हे घराघरांत सर्वांना ठाऊक असावयास हवे.

आफ्रिकेतील केनया देशात तर हा बदल भारताच्याही आधी घडला. नैरोबीत राबणारा मजूर पूर्वी गावाकडच्या म्हाताऱ्या आईसाठी बसचालकाच्या हाती पैसे देई. २००७ साली तेथे एम-पेसा ही सेवा निघाली आणि साध्या मोबाईलवरून, बँकेत खाते नसतानाही, पैसे धाडता येऊ लागले. स्वाहिली भाषेतील 'पेसा' हा शब्द म्हणजे आपला 'पैसा'च होय. हिंदी महासागर ओलांडून व्यापाऱ्यांबरोबर तो तिकडे गेला.

शिक्षणाच्या क्षेत्रातील प्रयत्न याहून जुने आहेत. १९७५-७६ साली अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील ६ राज्यांमधल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून धडे दाखविण्यात आले. तो प्रयोग भव्य होता. पण मुलाला शंका आली, तर पडद्याला विचारणार कसे? शिवाय धडा ठरल्या वेळीच लागे. पुढे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कविता छापील पानावर असावी आणि त्याच पानावरून ती ऐकताही यावी, असा त्यांचा हेतू होता. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही पुढे असे कोड छापले जाऊ लागले. २०२० साली डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर' हा जागतिक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले.

परंतु त्याच वर्षी या संगमाची दुसरी बाजूही उघडी पडली. साथीमुळे मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या व शाळा मोबाईलवर भरू लागली. ज्या घरी एकच मोबाईल होता आणि तोही वडील कामावर घेऊन जात, त्या घरातील मुलांनी काय करावे? सारी हत्यारे एकाच पेटीत ठेवली, की पेटी नसलेल्याजवळ काहीच उरत नाही. डोंगराळ भागात मुले संदेशलहरी मिळतील अशी जागा शोधीत टेकड्या चढत. काही आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविण्यात आले. कित्येक शिक्षक स्वतः पायी वस्त्यांवर जाऊन झाडाखाली शिकवू लागले. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा अनेक मुलांचे वाचन मागे पडल्याचे आढळून आले.

आणि तरीही याच पेटीने काहींना पूर्वी कधी न मिळालेली गोष्ट दिली आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला एखादे पुस्तक हवे असले, तर ते ब्रेल लिपीत निघेपर्यंत थांबावे लागे, किंवा कोणी वाचून दाखविणारा शोधावा लागे. आता तो मोबाईलचा कॅमेरा पानावर धरतो. कॅमेरा चित्र घेतो, संगणक त्या चित्रातील अक्षरे ओळखतो आणि ध्वनियंत्र ती मराठीतून उच्चारते. उच्चार अजून थोडा यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर तो अधूनमधून अडखळतोही. परंतु आलेले पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती न देता तो विद्यार्थी एकटा बसून ऐकू शकतो.