पहिला पेशंट समोर बसेल तेव्हा

अगं, थेरपिस्ट व्हायचंय असं तू घरी सांगितलंस आणि आता जो तो वेगळी पदवी सुचवतोय. कुणी म्हणतं साधं एमए कर, कुणी म्हणतं क्लिनिकलच घे, कुणी सहा महिन्यांच्या डिप्लोम्याची जाहिरात पाठवतं. सगळं बोलू. पण आधी एक प्रश्न पाठ करून ठेव आणि प्रत्येक संस्थेत जाऊन विचार: माझ्यासमोर पहिला पेशंट बसेल तेव्हा माझं काम कोण तपासणार, आणि किती वेळा? याचं सरळ उत्तर देणारी संस्था असेल तर तिची इमारत पडकी असली तरी चालेल. उत्तर देताना कुणी अडखळलं तर फॉर्म तिथेच ठेवून ये.

थेरपी पुस्तकातून कळते, पण हातात बसत नाही. समोरची बाई रडायला लागली की तू घाईघाईने सल्ला देतेस की तिच्यासोबत गप्प बसू शकतेस, हे तुझं तुला दिसणार नाही. एखाद्या जाणत्या माणसाने तुझ्या नोंदी वाचून, तुझ्याशी त्या केसवर बोलून ते दाखवावं लागतं. यालाच सुपरविजन म्हणतात. पदवीच्या दोन वर्षांत ते भरपूर मिळालं तर ती पदवी चांगली, मग तिचं नाव काहीही असो.

आता कायद्याचं ऐक, कारण मुली फसतात त्या इथेच. ‘सायकोथेरपिस्ट’ अशी पाटी लावायला आपल्या देशात वेगळा परवाना लागत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला मात्र लागतो. तो भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, देते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे आणि ती आरसीआयच्या मान्यतेशी किंवा प्रत्यक्ष देखरेखीखाली घेतलेल्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमफिलशी बांधलेली आहे. म्हणूनच आमच्या वेळी सगळे सांगायचे, आधी एमए, मग एमफिल. तो सल्ला आता जसाच्या तसा चालणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल ही पदवीच गेली. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एमफिलला विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली होती. एमफिलच्या जागी आरसीआयने क्लिनिकल सायकॉलॉजीचा एमए आणि पुढे साय.डी. अशी नवी मांडणी आणलीय.

आणि इथे डोळे उघडे ठेव. एखादं विद्यापीठ आपल्या एमएला ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ असं नाव देऊ शकतं, पण तेवढ्याने आरसीआयची नोंदणी मिळत नाही. माहितीपत्रकावर नाव तेच दिसतं आणि दोन वर्षांनी हातात पडतं ते वेगळंच. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तुझ्या प्रवेशाच्या वर्षासाठी त्या यादीत तुझी संस्था आणि तोच अभ्यासक्रम आहे का, हे स्वतः बघ. काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी ‘हो’वर जाऊ नकोस.

दूरस्थ शिक्षणाचंही तू विचारलं होतंस. नोकरी सांभाळून इग्नूमधून मानसशास्त्रात एमए करणं हा आपल्यासारख्या घरांतल्या मुलींचा मोठा आधार होता. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं बंद केलं. घरखर्चाला हातभार लावणाऱ्या मुलीला हे फार जड जाणार, मला कळतं. तरीही निर्णय मला पटतो. माणसाच्या दुःखाशी काम करायला शिकायचं तर माणसांत जावं लागतं.

म्हणजे रोजचा प्रवास आला. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, सांताक्रूझला उतरायचं. एसएनडीटीसाठी सरळ चर्चगेट लोकल. टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, गोवंडीला; त्यासाठी दादरला उतर, कुर्ल्याला जा, तिथून हार्बर पकड. टिसला क्लिनिकल आणि समुपदेशनाचा उपयोजित मानसशास्त्रातला एमए आहे आणि त्यात फील्डवर्कला मोठं स्थान आहे. सकाळी नालासोपाऱ्याला चढायला मिळत नाही म्हणून आपण विरारला रिटर्न जातो, तो वेळही हिशेबात धर. त्यावर फील्डवर्कचे दिवस आणि रात्री लिहायचे केस रिपोर्ट. प्रवासाने तू इतकी थकशील की समोरच्याचं ऐकूच शकणार नाहीस, असं वाटलं तर पहिल्या वर्षी हॉस्टेलसाठी अर्ज कर. घरच्यांशी मी बोलेन.

पण कलिना की गोवंडी हे ठरवण्याआधी तुला कोणाबरोबर बसायचंय ते ठरव. रुग्णालयात, स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांत काम करायचं असेल, मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायच्या असतील, तर आरसीआयचीच वाट धर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जागा असते. शाळा, कॉलेज, कुटुंबं, नात्यांमधले ताण यांत मन रमत असेल तर समुपदेशन मानसशास्त्रातला चांगला एमए घे आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं अनुभवी माणसाच्या हाताखाली काढ. औषधं लिहून द्यायची असतील तर एमबीबीएस आणि एमडी लागतं. तो तुझा रस्ता नाही, हे आपलं आधीच बोलून झालंय.

एक वाट मात्र तुला कुणीच सुचवली नसेल, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. मला ती आपल्या भागासाठी फार मोलाची वाटते. नालासोपाऱ्यात संतोष भुवनच्या चाळीत राहणाऱ्या बाईला झोप येत नाही, त्यामागे नवऱ्याची दारू असते, थकलेलं भाडं असतं, गावाकडे ठेवलेलं मूल असतं. नुसते विचार तपासून तिचं भागत नाही. रेशन कार्ड, पोलीस चौकी, सरकारी दवाखाना हे सगळं माहीत असलेली थेरपिस्ट तिला हवी. मनोविकार क्षेत्रातलं समाजकार्य नेमकं हे शिकवतं. टिस आहेच, आणि न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन आहे. लोक या पदवीला दुय्यम समजतात. ते मला अजिबात मान्य नाही.

भाषेचंही आत्तापासून बघ. शिक्षण सगळं इंग्रजीत होईल आणि पेशंट येऊन सांगेल, ‘ताई, जीव घाबरा होतो, काही सुचत नाही’. कुणी म्हणेल बाहेरचं लागलंय. आपल्याकडे तर मालवणी, वाडवळी, भोजपुरी, गुजराती सगळंच कानावर येतं. म्हणून मराठीत काम करणाऱ्यांकडे जाऊन शिक. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे; वसईहून दिवा गाडीनेही जाता येतं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. अंजली जोशींचं ‘मी अल्बर्ट एलिस’ वाच, प्रवेश मिळायची वाट बघू नकोस.

पैशांचं लपवत नाही. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. सुपरविजनचे पैसे बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून जातात, आणि स्वतः थेरपी घ्यावी लागते तिचेही. म्हणून फी आणि कर्जाचा आकडा बाबांसमोर बसून आत्ताच मांड. महागडं खासगी विद्यापीठ आणि सरकारी विभाग यांत सुपरविजन सारखंच मिळत असेल तर सरकारी घे, मिरवायला काही लागत नाही.

या शनिवारी एवढं कर. आरसीआयची यादी उघड, सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेच्या तारखा लिहून घे, आणि ज्या दोन संस्था मनात आहेत तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून तो सुपरविजनचा प्रश्न विचार. त्या काय म्हणाल्या ते मला सांग, आणि तोपर्यंत कुठेही पैसे भरू नकोस.