नक्षी आहे, पण रबराचं काय?

राजाजीनगर, बेंगळूरू
१२ मे २०२५

चि. मृण्मयी हिस,


तुझा प्रश्न सरळ आहे. २०१८ सालची अपाचे आरआर ३१० हातात आली आहे, गाडी जेमतेम साडेनऊ हजार किलोमीटर चाललेली आहे, टायर अजून कंपनीनेच बसवलेले आहेत आणि नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. २ जूनला इथे रुजू व्हायचं, त्याआधी टायर बदलायचे की नाही? भाऊजींच्या मते चांगले टायर काढून टाकणं म्हणजे पैशांची नासाडी. तुझा मेकॅनिक म्हणतो, अजून दोन वर्षं आरामात निघतील. माझं मत आहे, दोन्ही बदल, आणि बेळगाव सोडण्याआधी बदल. मात्र मामा सांगतो म्हणून बदलू नकोस. खाली कारणं लिहितो, ती पटली तरच खर्च कर.

तू पाठवलेल्या फोटोंत सगळ्यात कामाचा फोटो नक्षीचा नाही. टायरच्या कुशीवर एका लहानशा अंडाकृती चौकटीत चार आकडे उठवलेले दिसतात ना, २२१८, तो खरा कामाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे हा टायर २०१८ सालच्या बाविसाव्या आठवड्यात, मे महिना सरता सरता, साच्यातून बाहेर पडला. गाडी चालो वा उभी राहो, त्या दिवसापासून रबराचं वय सुरू झालं आणि आता सात वर्षं भरत आली. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘कमी चाललेली’ हे मोठं प्रशस्तिपत्र समजतात, आणि इंजिनाच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. टायरच्या बाबतीत मात्र उलट होतं. रोज पळणारी गाडी आपले टायर तीन-चार वर्षांत घासून संपवते, त्यामुळे तिच्यावर म्हातारं रबर राहूच शकत नाही. तुझ्या गाडीवर ते राहिलं, कारण गाडी उभी होती.

उभ्या गाडीच्या रबराला काय होतं, ते समजून घे. कच्च्या रबरात गंधक घालून ते तापवलं की त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात आणि चिकट गोळ्याचा लवचीक टायर होतो. चार्ल्स गुडइयरला ही युक्ती १८३९ मध्ये सापडली. अडचण अशी की हे बांधणं साच्यातच थांबत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे ते पुढेही हळूहळू चालू राहतं. काही साखळ्या जास्तच जखडल्या जातात, काही तुटतात, आणि रबर कडक होत जातं. हवेतला ओझोन तर ताणलेल्या रबराला थेट चिरा पाडतो. त्यावर उपाय म्हणून टायरच्या मिश्रणात मेण आणि इतर संरक्षक रसायनं घालतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, तसतसं हे मेण पृष्ठभागावर येत राहतं. गाडी महिनोन्‌महिने हललीच नाही तर हा लेप नीट नवा होत नाही. तुझा तिसरा फोटो मोठा करून बघ. मागच्या टायरच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक रेषा गेल्या आहेत. धूळ बसली असेल असं तुला वाटलं होतं. ओल्या फडक्याने पुसून अंगठ्याने रबर जरा ताणून बघ. रेषा उघडली तर ती चीर आहे.

आता भाऊजींचा मुद्दा. नक्षी शिल्लक असेल तर टायर चांगला, हे आपण सगळेच धरून चालतो, आणि आपला कायदाही तेवढंच मोजतो. दुचाकीच्या खाचा ०.८ मिलिमीटरपेक्षा उथळ नसाव्यात, असा मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. तुझे टायर त्यात सहज बसतात. पण खोली पट्टीने मोजता येते म्हणून नियम खोलीचा झाला. रबराचा मऊपणा रस्त्याच्या कडेला उभं राहून कोण मोजणार? नक्षीचं मुख्य काम चाकाखालचं पाणी बाजूला सारणं. शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर बिननक्षीच्या गुळगुळीत टायरवर पळतात, आणि त्यांची पकड आपल्या कुठल्याही टायरपेक्षा जास्त असते. पकड येते रबरातून. डांबरातल्या खडीचे बारीक कंगोरे असतात, त्यांत मऊ रबर शिरतं, त्यांना धरतं आणि सोडतं. कडक झालेलं रबर त्या कंगोऱ्यांच्या वरून सरकतं. आणि हे सगळं घडतं प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या जागेत. एवढ्या जागेवर गाडी आणि तू, दोघींचा भार आहे.

हिशोबच करून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुझ्या टायरवर कोणी मोजलेले नाहीत. समज, चांगल्या रबराची पकड ०.८ आहे आणि कडक झालेल्याची ०.६. ताशी ६० किलोमीटर वेगात पूर्ण ब्रेक लावला, तर पहिली गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबते आणि दुसरी साधारण २४ मीटरमध्ये. सहा मीटरचा फरक ऐकायला फार वाटत नाही. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबते, त्या जागी दुसरी अजून ताशी ३० किलोमीटरने पुढे चाललेली असते. समोर रिक्षा आडवी आली असेल तर पहिल्या गाडीवरची मुलगी नुसती दचकते आणि दुसरी रिक्षावर आदळते.

हा फरक बेळगावात कदाचित तुझ्या लक्षात आला नसेल. इथे रोज येईल. डॉ. राजकुमार रोडवर सिग्नलपाशी गाड्यांमधून ठिबकलेलं तेल साचतं. एप्रिल-मेचा वळीव आला की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ते धूळ आणि पाण्याबरोबर वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. कॉर्ड रोडवर मेट्रोच्या खांबांजवळून वळताना रंगवलेले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं चाकाखाली येतात. गल्ल्यांतून गुलमोहोराच्या पाकळ्यांचा सडा असतो. दिसायला सुंदर, पण ओल्या पाकळ्या चाकाखाली चिरडल्या की नुसता चिखल. शिवाय इथला पाऊस जूनपुरता नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो ऐन भरात असतो, आणि तोही ऑफिस सुटायच्या वेळेला. कोरड्या रस्त्यावर जुना टायर बऱ्यापैकी निभावून नेतो, म्हणून तो चांगला आहे असा समज होतो. ओल्या थंड रस्त्यावर रबराचा मऊपणा सगळ्यात जास्त लागतो, आणि वयाबरोबर गेलेला असतो तोच.

तुझा मेकॅनिक म्हणतो, कंपनीने विचार करूनच टायर दिलेले असतात. बरोबर आहे. पण कंपनी विचार करते तो अनेक गोष्टींचा: किंमत, मायलेज, टायर किती टिकेल, गाडी कुठे कुठे विकली जाईल. पकड ही त्यातली एक. तुझ्याच गाडीचं उदाहरण घे. डिसेंबर २०१७ मध्ये होसूरच्या कारखान्यातली ही गाडी बाजारात आली, तेव्हा तिला मिशेलिनचे पायलट स्ट्रीट रेडियल होते. जानेवारी २०२० मध्ये बीएस ६ आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने स्वतःच ते बदलून मिशेलिनचेच रोड ५ बसवले. हा टायर ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी ओळखला जातो. माप मात्र तेच ठेवलं: पुढे ११०/७० आर १७, मागे १५०/६० आर १७. यावरून दोन गोष्टी घ्यायच्या. कंपनीची पहिली निवड ही शेवटची निवड नसते. आणि मापाशी खेळायचं नसतं.

एबीएस आहे ना, असं तू विचारशील. आहे, दोन्ही चाकांना आहे, आणि तो असणं फार चांगलं. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच. टायरजवळ जेवढी पकड असेल तेवढीच तो वापरतो, नवी तयार करत नाही. रबर कडक असेल तर ब्रेकचा दांडा लवकर थरथरायला लागेल आणि गाडी उशिराच थांबेल. ‘मी सावकाश चालवते’ हेही उत्तर पुरत नाही. वेग तुझ्या हातात असतो, पण करकचून ब्रेक लावायची वेळ समोरचा ठरवतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो तुझ्या बाजूचा आहे. खुद्द मिशेलिन टायरला दहा वर्षांची मुदत देते, मग सातव्या वर्षी घाई का? पण त्या सल्ल्याचा पहिला भागही वाच. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या, आणि तपासणीत ठीक ठरला तरी दहा वर्षांपुढे वापरू नका. दहा ही शेवटची हद्द आहे, हमी नव्हे. तुझ्या फोटोत तर चिरांसारख्या रेषा दिसतात. त्या नसत्या आणि टायर चार वर्षांचा असता, तर हेच पत्र मी ‘बदलू नकोस’ म्हणून लिहिलं असतं. नवी कोरी गाडी शोरूममधून आणून पहिल्याच आठवड्यात मूळ टायर काढून फेकणारी हौशी मंडळी मला पटत नाहीत. चांगलं रबर वापरायचं, आणि त्याचं आयुष्य संपलं की सोडायचं.

म्हणून सांगतो, दोन्ही बदल. पुढच्याची नक्षी जास्त आहे म्हणून तो ठेवायचा मोह होईल, पण मोठ्या ब्रेकच्या वेळी बहुतेक भार पुढच्याच चाकावर येतो. माप तेच, रेडियलच. मागे १६० चा रुंद टायर घाल असं तुझा मित्र म्हणतो. रिम तीच राहिली तर रुंद टायर तिच्यावर आवळला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि गाडी वळायला जड होते. दिसायला छान, एवढाच फायदा. मिश्रण फार मऊही घेऊ नकोस. तुझी गाडी रोज ऑफिसला जाणार आहे, ट्रॅकवर नाही. दुकानात किमतीच्या आधी तारीख विचार. वर्षाच्या आतला टायर माग आणि चौकट स्वतः वाच. रिमवर पहार घालून ओढाताण करणाऱ्याकडे जाऊ नकोस, मशीनवर काढणारा बघ. व्हॉल्व्ह नवे घालायला सांग आणि चाकांचं बॅलन्सिंग समोर उभी राहून करून घे. कुशीवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, आणि मागचं चाक बसवल्यावर चेनचा ताण बरोबर आहे ना, हे निघण्याआधी पाहा. हवा टायर थंड असताना, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे.

नव्या टायरचा पृष्ठभाग पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो, म्हणून हुबळीपर्यंत तरी जोरात ब्रेक आणि जोरात रेस दोन्ही नको. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बेळगाव ते बेंगळूरू पाचशे किलोमीटर जवळजवळ सरळ आहेत. चित्रदुर्ग, तुमकूर मागे टाकून तू गोरगुंटेपाळ्याला पोचशील, तेव्हा टायरचा मधला पट्टा घासून तयार झालेला असेल, पण दोन्ही कडा कोऱ्याच असतील. तिथून आमच्या घरापर्यंत वळणंच वळणं आहेत. त्या वळणांत गाडी एकदम कलवू नकोस. पहिला आठवडा थोडी थोडी कलवत जा, कडा आपोआप तयार होतील.

टायर ठरवलेस की बसवण्याआधी दोन्हींवरच्या चार आकड्यांचा फोटो मला पाठव. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग, आणि हे पत्र भाऊजींनाही वाचायला दे.

तुझा,
मामा