गोष्ट लिहावयास शिकविताना

इयत्ता चौथी-पाचवीच्या वर्गात गोष्टलेखनाचा तास बहुधा फळ्यावरील मुद्द्यांनी सुरू होतो : लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड, देवता, बोध. अर्ध्या तासाने तीस वह्यांतून तीस लाकूडतोडे एकाच नदीकाठी एकाच शब्दांत रडत असतात. या पाठाने वाक्ये जोडण्याचा व क्रम राखण्याचा सराव होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु गोष्ट कोठून सुरू करावी, काय सांगावे, काय गाळावे आणि कोठे थांबावे, हे सारे फळ्यानेच आधी ठरवून टाकलेले असते. कथालेखनाची कला म्हणतात ती नेमकी या निवडीत आहे, आणि तीच मुलाच्या हाती लागत नाही.

मुद्दे काढून घेतले, तर दुसरी अडचण उभी राहते. ‘आपल्या घरची एखादी गोष्ट लिहा’ असे सांगताच मुले पेन्सिल चावीत बसतात. गोष्ट राजाची असते, सिंहाची असते, फार तर शहरातल्या मुलाची असते. आपल्या ओसरीवर ती घडते, यावर त्यांचा विश्वासच नसतो. पाचवीतील एखादी मुलगी अखेर लिहिते : ‘आम्ही शेळी विकली. मला फार वाईट वाटले. प्राण्यांवर प्रेम करावे.’ यातले तिसरे वाक्य तिने गुरुजींसाठी लिहिलेले आहे. दुसरेही बरेचसे त्यांच्यासाठीच.

शिक्षकाचे खरे काम येथे सुरू होते. ‘अजून विस्ताराने लिही’ असा शेरा मारून वही परत केली, तर ती वाईट वाटल्याची आणखी चार वाक्ये लिहील. त्याऐवजी तिला जवळ बसवून साधे प्रश्न विचारावेत. शेळी न्यावयास कोण आले? दावे कोणी सोडले? त्या वेळी घरात कोण काय करीत होते? मग समजते, की व्यापारी भर दुपारी आला. वडिलांनी पैसे दोनदा मोजले. दावे मात्र आजीने ठेवून घेतले. आणि सायंकाळी आजी नेहमीप्रमाणे रानातून पाला घेऊन आली, रिकाम्या खुंट्यापाशी थबकली, आणि तो पाला तसाच दाराशी ठेवून आत गेली.

ही गोष्ट झाली. मुलीने आता ती याच क्रमाने, आपल्या शब्दांत लिहावी. ‘वाईट वाटले’ हे वाक्य ती बहुधा आपण होऊनच गाळते. त्याचे काम पाल्याने केलेले असते. न गाळल्यास, ते वाक्य झाकून गोष्ट पुन्हा वाचावयास सांगावे आणि निर्णय तिच्यावर सोपवावा. शेवटी तात्पर्य मागण्याचा मोह मात्र शिक्षकाने आवरावा. परीक्षेत तात्पर्याला गुण असतील, तर त्यासाठी मुद्द्यांचा पाठ आहेच.

पुष्कळ मुले शेळीच्या जन्मापासून आरंभ करतात आणि व्यापारी येण्यापूर्वीच दमतात. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत आणि लहान कथा ‘स्फुट गोष्टी’ म्हणून येत. स्फुट म्हणजे सुटी. आयुष्यातून एक प्रसंग सुटा करावयाचा, एवढे मुलांना सांगितले तरी पुरे. शेळीची गोष्ट व्यापाऱ्याच्या पावलाने सुरू होते.

भाषेच्या बाबतीत लाल शाईने फार नुकसान केले आहे. आजीच्या तोंडी ‘न्हाई’ असेल आणि शिक्षकाने तेथे ‘नाही’ केले, तर आजी गोष्टीतून उठून जाते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या 1949 सालच्या पुस्तकातील माणसे माणदेशाच्या बोलीत बोलतात. म्हणून ती माणसे वाटतात. त्यातील ‘झेल्या’ हे शाळकरी पोराचे व्यक्तिचित्र शिक्षकांनी स्वतः अवश्य वाचावे. निवेदनातील शुद्धलेखन जरूर तपासावे, पण गोष्ट पुरी झाल्यावर, आणि संवादाला हात न लावता.

एक सावधगिरी मात्र हवी. घरची गोष्ट लिहा म्हटले, की घरातले कर्ज, आजार, भांडण हेही वहीत उतरते. शेळी का विकली, हे मुलीने लिहिले नसेल तर ते खोदून विचारू नये. वर्गात वाचून दाखविण्यापूर्वी तिची संमती घ्यावी, आणि ती नको म्हणाली तर वही मिटून तिच्या हाती द्यावी. हा विश्वास एकदा उडाला, की पुढील तासाला पुन्हा लाकूडतोडेच येतात.

संमती मिळाल्यास शिक्षकाने गोष्ट स्वतः सावकाश वाचावी. मुले जेथे चुळबुळ करू लागतील, तेथे समासात पेन्सिलीने बारीक रेघ ओढावी. त्या रेघेचे काय करावयाचे, ते जिची गोष्ट तिने ठरवावे.