घाटातच गाडी का तापते?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी गावात ठीक चालते, कुंभार्ली घाट चढताना मात्र काटा लालकडे सरकतो. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढूनच टाकू. काढावा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काढू नका. तो अडकत असेल तर नवा बसवा, फार महाग नसतो. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट गरम होत नाही, पेट्रोलही जास्त जातं. ट्रॅफिकमध्ये तापली असती तर मी आधी पंखा तपासला असता. चढावर तापते म्हणजे बहुधा कूलंट कमी आहे किंवा रेडिएटर चोंदलाय. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंत का? क्षार तिथेच साचतात. रेडिएटर साफ करून घ्या, प्रेशर टेस्ट करा, मग कंपनीने सांगितलेलंच कूलंट भरा.

घाटात काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू (घाम येईल, इलाज नाही) आणि गाडी बाजूला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं. गळती दिसत नसताना कूलंट घटत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.