पट्टा का घसरतो? घर्षणाचा एक पाठ, एटीव्हीच्या निमित्ताने



घर्षण शिकवताना आपण सगळे तीच उदाहरणं देतो. केळ्याची साल, गुळगुळीत फरशी, काडेपेटी. मुलं माना डोलावतात आणि विसरतात. यंदा मला उदाहरण आयतंच मिळालं, तेही एका जुन्या विद्यार्थ्याच्या फोनमुळे.

हा मुलगा कोकणात किनाऱ्यावर पर्यटकांना चार चाकांच्या एटीव्हीवर फेऱ्या मारायला देतो. म्हणाला, "सर, एका सीझनमध्ये तिसरा पट्टा गेला. काल चढावर तुटला, गाडी मागे यायला लागली, वर आई आणि लहान पोरगी बसलेली. ब्रेक लागला म्हणून वाचलो. आता क्लच किटच बदलून टाकतो."

मी म्हटलं, थांब. आधी पट्टा का गेला ते बघू.

आता तुमच्या दारातली बिनगियरची स्कूटर आठवा. तिच्यात इंजिनाच्या बाजूला एक पुली, मागच्या चाकाच्या बाजूला दुसरी आणि मध्ये पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा असतो. इंजिनाची रेस वाढली की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात आणि पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात. पट्टा वर सरकतो. मागच्या पुलीत तो स्प्रिंगविरुद्ध आत ओढला जातो. गियर न टाकता गियर बदलतो तो असा. एटीव्हीतही हेच असतं.

पट्टा पाचरीसारखाच का? पूर्वी पिठाच्या गिरणीत सपाट पट्टा असायचा आणि तो घसरायला लागला की गिरणीवाला त्यावर राळ लावायचा. पाचरीचा पट्टा खोबणीत रुततो. खोबणीची एक बाजू १४-१५ अंशांनी कललेली धरली, तर त्या कोनाचा साइन साधारण ०.२५ येतो. म्हणजे तेवढ्याच ताणाला पुलीवरचा दाब सपाट पट्ट्याच्या जवळजवळ चौपट. दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती कुठे लागते हे दाखवायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

आणि घसरला तर काय होतं? समजा इंजिन १० किलोवॅट शक्ती देतंय आणि पट्टा १० टक्के घसरतोय. एक किलोवॅट नुसती उष्णता झाली. बंद डब्यात कपड्यांची इस्त्री चालू ठेवण्यासारखं आहे हे. रबर किती वेळ टिकेल?

मी त्याला तुटलेल्या पट्ट्याचा आणि आधी काढून ठेवलेल्या दोघांचा फोटो मागवला. तिथे गंमत कळली. दोन पट्टे सगळीकडे सारखे चकचकीत झाले होते. तिसरा मात्र एकाच जागी जळून अरुंद झाला होता, कंबर आवळल्यासारखा. म्हणजे हे दोन वेगळे आजार आहेत.

एका जागी जळण्याचं कारण असं. स्कूटरला मागे वेगळा क्लच असतो, तिचा पट्टा कायम ताणलेला फिरतो. याच्या एटीव्हीत तो नाही, क्लचचं कामही पट्ट्यालाच करावं लागतं. चाकं वाळूत रुतली आणि वरच्या माणसाने घाबरून रेस दाबून धरली की मागची पुली थांबलेली, पुढची फिरतेय, आणि पट्ट्याचा तोच तुकडा घासला जातोय. यात गाडीचा दोष नाही. वाळूत 'लो'मध्ये चालवायचं आणि रुतली तर उतरून ढकलायचं, एवढं पर्यटकाला आधी सांगायला हवं. तो सगळ्यांना 'हाय'मध्येच सोडत होता.

चकचकीत पट्ट्यांचं कारण शोधायला थोडा वेळ लागला. लाटेच्या कडेने गाडी गेली की हवेच्या नळीतून पाणी डब्यात शिरायचं. ओला पट्टा घसरतो. रेस वाढते, पण गाडी ओढत नाही. खालचं बूच काढून पाणी सोडायचं, न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन पट्टा सुकवायचा, हे तो करतच नव्हता. शिवाय थाळ्यांवर बारीक वाळू. ती पुसायची, पण ग्रीस किंवा तेलाचा हात अजिबात लावायचा नाही. राळ तर नाहीच, ती गिरणीपुरती.

मग क्लच बदलायचा की नाही? इथे माझं मत थोडं बदललं, कारण मध्येच तो म्हणाला, "मोठे टायर टाकलेत सर." आता बघा, टायर मोठा झाला की तेवढाच जोर लावायला पट्ट्यावर जास्त भार येतो. अशा वेळी पुढच्या पुलीत थोडी हलकी वजनं टाकली तर वरचा गियर उशिरा लागतो, इंजिन ताकदीच्या रेसवर राहतं. मागची स्प्रिंग थोडी कडक केली तर पट्टा जास्त घट्ट धरला जातो. पण "जड वजन म्हणजे जास्त पकड" असं समजून जड वजनं टाकली की रेसच पडते आणि इंजिन गुदमरतं. स्प्रिंग फारच कडक केली तर नुसत्या आवळण्यानेच पट्टा तापतो. ओल्या पट्ट्यावर तर यातलं काहीच औषध नाही. त्याने आधी जुने टायर परत बसवले, ते मला जास्त पटलं.

एक युक्ती वर्गात दाखवण्यासारखी आहे. इंजिन बंद असताना पुलीच्या थाळीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करची रेघ मारायची, झाकण लावून फेरी मारून यायचं. रेघ जिथपर्यंत पुसली, तिथपर्यंत पट्टा चढला. काठाजवळची रेघ शाबूत असेल तर पुली पूर्ण मिटतच नाही. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं नाही, हे मुलांना दोनदा बजावा. पट्टा तुटला तर चाबकासारखा येतो.

स्कूटर उघडणं जमणार नसेल तर गुळगुळीत लोखंडी नळी आडवी बांधा, तिच्यावरून सुतळी टाका, एका टोकाला पाण्याची भरलेली बाटली लावा आणि दुसरं टोक मुलाच्या हातात द्या. आधी नुसती टाकून, मग एक वेढा, मग दोन वेढे. बाटली धरायला किती जोर लागतो ते विचारा. मग सुतळी आणि नळी तेलाने माखून पुन्हा करा. आमच्या आठवीत दोन वेढ्यांना एका मुलीने करंगळीने बाटली धरली. तेल लावल्यावर तिचाच हात झटकन वर गेला आणि बाटली खाली. खाली बादली ठेवायला विसरू नका, आम्ही विसरलो होतो.