बाळाचे दुसरे नाव



योहानाच्या नामकरणाला जमलेल्यांनी बाळाचे नाव बापावरून जखऱ्या असे धरलेच होते. अलीशिबा नाही म्हणाली. तुमच्या नात्यात योहान कोणी नाही, असा आक्षेप आला. तेव्हा मुक्या जखऱ्याने पाटी मागवून तेच नाव लिहिले (लूक १:५९-६३).

आपल्या अचलपूर-परतवाड्याकडेही बाळाच्या नावापुढे बापाचे नाव ठरलेलेच असते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत त्याआधी आईचेही येते. मग संताचे नाव कुठे बसवायचे?

१९१७ च्या धर्मसंहितेनुसार आईवडिलांनी ख्रिस्ती नाव दिले नाही, तर धर्मगुरू संताचे नाव जोडून दोन्ही नावे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत लिहीत. १९८३ ची संहिता (कलम ८५५) एवढेच सांगते, की नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे. म्हणून आशा, करुणा ही नावेही चालतात.

तरी संताचे नाव जोडावे, असे आम्हांला वाटते. ‘आरव गोन्सालो’ कानाला नवे लागेल खरे; पण गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचेच, १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झालेले. मात्र शाळेत एक नाव आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरेच, असे झाले की लग्नाच्या वेळी धावाधाव होते. जन्मदाखल्यावरचे नाव नोंदवहीतही असू द्यावे, आणि बाप्तिस्म्याआधीच दोन्ही नावे कागदावर लिहून धर्मगुरूंकडे द्यावीत.